मतांची फेरमोजणी

नगरसेवक हा शब्द आपल्या घरांतून बहुधा नळास पाणी आलें नाहीं म्हणजेच उच्चारला जातो. लोकसभेच्या निकालाची चर्चा रात्रीच्या पंगतीस चार दिवस पुरते. वॉर्डाचा निकाल मात्र सकाळीं वर्तमानपत्रांत पाहून संध्याकाळीं विसरला जातो. अशा स्थितींत एखाद्या पराभूत उमेदवारानें फेरमोजणी मागितली, कीं ‘हरल्यावर सुचलेलें शहाणपण’ असा शेरा मारून आपण मोकळे होतों. हा शेरा आम्हांस अन्यायाचा वाटतो, आणि म्हणूनच या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माहुलचेंच उदाहरण घ्यावें. चेंबूरच्या पलीकडे, खाडी आणि तेलशुद्धीचे कारखाने यांच्या मध्यें सांपडलेलें हें मूळचें कोळ्यांचें गांव. येथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे असें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१५ मध्यें म्हटलें होतें. तरीही तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या पाडल्यावर तेथील हजारों माणसें येथल्याच इमारतींत आणून घातलीं गेलीं. आणि अखेर २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयास, अन्यत्र घर देतां येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडें द्या, असें बजावावें लागलें. अशा वस्तींतील दवाखाना, शाळा, कचरा व पाणी यांविषयीं सभागृहांत कोण बोलणार हें ज्या मतांनीं ठरावयाचें, त्या मतांची बेरीज बरोबर आहे कीं नाहीं, हा प्रश्न हौसेचा खास नव्हे.

याच माहुल-तुर्भे टापूंतील अणुशक्तीनगर मतदारसंघांत नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत ३,३७८ मतांनीं हरलेल्या उमेदवारानें, दिवसभर चाललेल्या यंत्रांची बॅटरी ९९ टक्के भरलेली कशी, असा प्रश्न करून शेवटच्या फेऱ्यांची फेरमोजणी मागितली होती. अशा शंकेवर निवडणूक आयोगाचें उत्तर असें, कीं ही बॅटरी पुन्हां भरण्याची नव्हेच. तिचा विद्युत्‌दाब एका ठराविक मर्यादेखालीं येईपर्यंत यंत्र ९९ हाच आकडा दाखवितें. उत्तर पटण्याजोगें आहे. परंतु तेंच मोजणीच्या दालनांत आधीं मोठ्या अक्षरांत लावून ठेवलें असतें, तर संशयास जागाच कमी उरली असती, हें आम्हांस राहून राहून वाटतें.

मुंबई शहरांत निकालास आव्हान देण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्या आरंभीं उभे असलेले गृहस्थ हे कोणी रडे पराभूत नव्हते. १९०७ सालीं सर फिरोजशहा मेहता यांस महापालिकेंतून घालविण्यासाठीं अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकारानें एक कंपू उभा राहिला. जस्टिसेस ऑफ द पीस यांनीं निवडावयाच्या जागा होत्या १६. फिरोजशहांचा क्रमांक आला १७ वा! ज्यांनीं १८८८ चा महापालिका कायदा घडविण्यांत प्रमुख भाग घेतला, त्यांनाच त्या सभागृहाबाहेर राहण्याची पाळी आली. परंतु विजयी ठरलेल्यांपैकीं एकाची निवड अपात्रतेमुळें न्यायालयांत रद्द झाली, आणि फिरोजशहा पुनः आपल्या जागीं येऊन बसले. त्यांनीं निमूटपणें हार मानावयास हवी होती असें आज कोणी म्हणेल काय?

तो १८८८ चा कायदा पुष्कळ दुरुस्त्या होऊन अद्यापि चालू आहे. त्याच्या ३३ व्या कलमान्वये निवडणुकीच्या वैधतेविरुद्ध लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज करतां येतो. मुदत अवघी दहा दिवसांची. आणि हा अर्ज केवळ उमेदवारानेंच करावा असें नाहीं. महापालिकेच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे अशा कोणासही तो करतां येतो. म्हणजे हा हक्क माहुलच्या इमारतींतील रहिवाशास जितका आहे तितकाच आमच्या वाचकांच्या घरांतील सुनेस व सासूबाईंसही आहे.

एका मताची किंमत काय, याचा दाखला २०१७ च्या महापालिका निवडणुकीनें दिला. गिरगांवाकडील २२० क्रमांकाच्या प्रभागांत शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर पुढें असतां भाजपचे अतुल शहा यांनीं फेरमोजणी मागितली. ती झाल्यावर दोघांचीं मतें अगदीं सारखीं, प्रत्येकी ५,९४६ भरलीं! शेवटीं लहान मुलीच्या हातून चिठ्ठी काढविली गेली व शहा विजयी झाले. शेजारच्या वाड्यांतून एक गृहस्थ जरी दुपारची वामकुक्षी सोडून मतदानास गेले असते तरी चिठ्ठीचें कारण पडलें नसतें. पण तो विषय निराळा.

आतां हेंही खरें, कीं मागेल त्यास फेरमोजणी मिळत नाहीं, व मिळूंही नये. मतदानाची गुप्तता राखली पाहिजे, आणि निकालास कोठें तरी शेवट पाहिजे. म्हणून नेमकें कोणत्या केंद्रावर, कोणत्या फेरींत काय चुकलें हें सांगितल्यावांचून न्यायालय पेट्या उघडूं देत नाहीं. ४ जून २०२४ रोजीं वायव्य मुंबईच्या लोकसभा निवडणुकींत रवींद्र वायकर यांस ४,५२,६४४ व अमोल कीर्तिकर यांस ४,५२,५९६ मतें पडलीं. सुमारें नऊ लक्षांत अंतर फक्त ४८! तरीही कीर्तिकरांची याचिका डिसेंबर २०२४ मध्यें उच्च न्यायालयानें फेटाळली. आवश्यक तपशील तींत मांडलेला नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. अंतर थोडें आहे एवढें कारण कायद्यास पुरत नाहीं. आमच्या मतें तें पुरावें. अंतर ठराविक प्रमाणाहून कमी असेल तेथें कोणी न मागतांच पुनः मोजणी व्हावी, असा नियम अमेरिकेंतील कित्येक संस्थानांत आहे, व तेथें त्यामुळें कोणाचाही अपमान झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

परंतु खरी अडचण पुढेंच आहे. कागदी मतपत्रिका असतांना फेरमोजणी म्हणजे गठ्ठे सोडून पुनः मोजणें होतें. यंत्रांत पुनः मोजणें म्हणजे तेंच बटण पुनः दाबून तोच आकडा पुनः वाचणें. म्हणून लोकसभा-विधानसभेच्या यंत्रांस चिठ्ठीची जोड दिलेली आहे. आणि २६ एप्रिल २०२४ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस, सात दिवसांत लेखी मागणी करून व खर्च भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रांतील ५ टक्के यंत्रांची तपासणी करवून घेण्याची मुभा दिली. महापालिकांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या हातीं आहेत. जवळजवळ नऊ वर्षांच्या खंडानंतर १५ जानेवारी २०२६ रोजीं मुंबईंत मतदान झालें, तें या चिठ्ठीवांचूनच. बहुसदस्य प्रभागांत चिठ्ठीची सोय करणें तांत्रिकदृष्ट्या अवघड, असें त्याचें समर्थन ऐकावयास मिळालें. पण मुंबईंत तर एका प्रभागास एकच सदस्य असतो!

तपासणीनें विजयी पक्षाचें नुकसान होतें ही समजूतही खोटी आहे. पुण्याच्या पर्वती मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकींतील एक यंत्र उच्च न्यायालयाच्या हुकुमानें २०१७ सालीं हैदराबादच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेलें, व त्यांत कांहीं ढवळाढवळ झालेली नाहीं असाच निर्वाळा मिळाला. आपल्या एकत्र कुटुंबांतही कर्ते काका वर्षअखेर चोपडी भावांपुढें ठेवितात. पुतण्यानें एखाद्या रकमेवर बोट ठेविलें म्हणून त्यानें काकांस चोर म्हटलें असें होत नाहीं. उलट काकाच जुनी पावती काढून दाखवितात, आणि तेवढ्यानें दिवाळी गोड होते.

तूर्त करण्याजोगें एवढेंच आहे, कीं आपल्या घरचा कोणी तरुण एखाद्या उमेदवाराचा प्रतिनिधि म्हणून केंद्रावर बसणार असेल, तर यंत्र बंद होतांना किती मतें पडलीं हा आकडा त्यानें लिहून, सही घेऊन, जपून ठेवावा, व मोजणीच्या वेळीं त्या यंत्राच्या आंकड्याशीं ताडून पाहावा. फरक आढळल्यास निकाल जाहीर होण्यापूर्वींच लेखी अर्ज द्यावा. तोंडी तक्रारीस मागाहून पुरावा उरत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेक शिक्षक व बँकांतील कारकून निवडणुकीच्या कामावर नेमले जातात. मोजणीच्या टेबलावरील आपला अनुभव त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावा. निवडक पत्रें पुढील अंकीं छापूं.