विश्लेषण : 'व्हीटी' क्रमांकावरून शिकाऊ विमानाची सुरक्षितता कळते का?

पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापूर पट्ट्यात शिकाऊ विमान कोसळले की बातमीत 'व्हीटी'ने सुरू होणारा एक क्रमांक येतो. पाठोपाठ प्रश्न येतो, विमान जुने होते का? या क्रमांकातून नेमके काय कळते आणि विमानाची खरी कुंडली कुठे असते?

घटना कोणत्या?

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले कार्व्हर एव्हिएशनचे 'सेसना १५२' (व्हीटी-एएलआय) इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. एकटीने उड्डाण करणारी प्रशिक्षणार्थी वैमानिक जखमी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडबर्ड संस्थेची दोन विमाने चार दिवसांत कोसळली; १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. त्यातील दुसरे 'टेकनाम' बनावटीचे (व्हीटी-आरबीटी) होते. सुदैवाने या तिन्ही घटनांत जीवितहानी झाली नाही.

'व्हीटी' म्हणजे काय?

विमान कोणत्या देशात नोंदले आहे, हे सुरुवातीच्या अक्षरांवरून कळते. भारताच्या 'व्हीटी'चे मूळ १९२७ च्या वॉशिंग्टन येथील रेडिओ परिषदेत झालेल्या अक्षरवाटपात आहे. पुढची तीन अक्षरे त्या विमानाची स्वतंत्र ओळख. मोटारीवरील 'एमएच १२' म्हणजे पुणे आणि 'एमएच ४२' म्हणजे बारामती, हे सहज ओळखता येते. विमानाच्या क्रमांकात मात्र गाव किंवा धावपट्टी नसते. नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजेच 'डीजीसीए' करते.

क्रमांकावरून इतिहास कळतो का?

पूर्ण कळत नाही. परदेशात वापरलेले विमान भारतात आले की त्याला नवा क्रमांक मिळतो. अमेरिकेत 'एन'ने सुरू होणारा क्रमांक असलेले विमान इथे 'व्हीटी' होते. कायम राहतो तो कारखान्याने दिलेला अनुक्रमांक. शिवाय नोंदणी प्रमाणपत्र ओळख आणि मालकी सांगते, प्रकृती नाही. त्यासाठी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि ठरावीक मुदतीने होणारा त्याचा आढावा असतो. रोजच्या दुरुस्तीची नोंद लॉगबुकात होते.

जुने विमान धोकादायकच असते का?

सेसना १५२ चे उत्पादन १९८५ मध्ये थांबले. म्हणजे या प्रकारातील आज उडणारे प्रत्येक विमान किमान चाळिशीतले आहे आणि ते चालवायला शिकणाऱ्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठे. टेकनामचे 'पी २००८' मॉडेल मात्र या शतकातले. दोन्ही प्रकारची विमाने एकाच परिसरात कोसळली. त्यामुळे वयावर खापर फोडून चालत नाही. विमानाचे आयुष्य वर्षांपेक्षा उड्डाणतासांत मोजले जाते. इंजिन ठरावीक तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते. शिकाऊ विमान दिवसभरात अनेकदा उतरते आणि पुन्हा झेपावते. त्यामुळे चाके, ब्रेक आणि इंजिनावर ताण अधिक पडतो. तपासणीत कसूर झाली तर नवे विमानही दगा देऊ शकते.

यंत्रणांनी काय केले?

सहा महिन्यांत पाच घटना घडल्यानंतर डीजीसीएने ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडबर्डची प्रशिक्षणाची परवानगी निलंबित केली. अपघातांच्या तपासासाठी 'एएआयबी' हा स्वतंत्र विभाग आहे. दोषी ठरवणे हा त्याचा उद्देश नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची श्रेणीही जाहीर करू लागली आहे.

पालकांनी काय विचारावे?

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावे लागते आणि त्यासाठी कुटुंबे लाखो रुपये मोजतात. प्रवेशापूर्वी संस्थेकडे किती विमाने आहेत, यापेक्षा त्यातली आज उडण्यायोग्य किती, देखभाल कोण करते, इंजिनाचे किती तास उरले आहेत आणि जुन्या अपघातांच्या अहवालातील शिफारशींवर काय झाले, हे विचारणे अधिक उपयोगाचे. 'व्हीटी' क्रमांक विमानावर ठळक रंगवलेला असतो. ही उत्तरे मात्र मागूनच घ्यावी लागतात.