एल्वा नदीचे थकीत खाते

अमेरिकेच्या वायव्य टोकाला ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यान आहे. हिमनद्या अंगावर घेतलेले डोंगर, हो नदीकाठचे शेवाळलेले वर्षावन आणि पॅसिफिकचा रानटी किनारा, सारे एकाच उद्यानात! मला मात्र तिथे खिळवून ठेवले ते एल्वा नदीने. १९१३ आणि १९२७ साली पुऱ्या झालेल्या दोन धरणांनी तिच्यातल्या सामन माशांची वाट अडवली. माशांना वर चढायला साधी सोयही ठेवली नव्हती. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे पाडली. जन्मभर बँकेत ताळेबंद तपासलेल्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो: वीज जमेला धरली, पण क्लालम आदिवासींचे बुडालेले अन्न कोणत्या खात्यात होते? २०२३ साली त्यांनी एल्वात पुन्हा मासे धरले. कोयनेच्या धरणग्रस्तांची येणी मात्र अजून पुरती चुकती झालेली नाहीत.