चार आकड्यांचा दाखला

जुन्या मोटारगाडीची खरेदी-विक्री आपल्याकडे अद्यापही बव्हंशी अदमासावर चालते. गाडी किती किलोमीटर धावली, मालक पहिला की दुसरा, रंग मूळचा की नंतर मारलेला, एवढी चौकशी झाली म्हणजे बोनेट उघडून इंजिन चालू करावयाचे, बरोबर आणलेल्या मिस्त्रीने दोन वेळा रेस देऊन कान लावावयाचा आणि ‘इंजिनाला बघायला नको’ असा निवाडा दिला, की लाख-दोन लाखांचा सौदा तेथल्या तेथे मुक्रर होतो. मध्यमवर्गीय कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक ज्या व्यवहारात गुंतते, त्याचा पाया इतका कच्चा असावा हे सर्वथा अनुचित आहे. एक लाख किलोमीटरच्या पुढे धावलेल्या गाडीचा सौदा पक्का होण्यापूर्वी तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून ते कागदावर नोंदविले गेलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्या मोजणीचे महत्त्व इंजिनाच्या मूळ तत्त्वातच आहे. निकोलाउस ओटो ह्याने १८७६ साली जे चार स्ट्रोकचे इंजिन सिद्ध केले, त्याचे सामर्थ्य इंधन आणि हवा ह्यांचे मिश्रण पेटण्यापूर्वी सिलिंडरमध्ये दाबून घेण्यात होते; पुढे कार्ब्युरेटर गेला, संगणक आला, तरी हे तत्त्व ढळलेले नाही. हा दाब राखण्याची जबाबदारी पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व आणि हेड गॅस्केट ह्यांच्यावर असते, आणि वाढत्या किलोमीटरांबरोबर होणारी त्यांची झीज बाहेरून दिसत नाही. मीटर मागे फिरविता येतो, इंजिन धुऊन चकचकीत करता येते, जाड ऑइल घालून धूर चार दिवस दडपता येतो. परंतु प्रत्येक सिलिंडरने स्वतंत्रपणे दिलेली दाबाची साक्ष फिरविणे इतके सोपे नाही.

चाचणी तासाभराची असते. इंजिन नेहमीइतके गरम करावे, इंधन आणि इग्निशन तोडावे, सगळे प्लग काढून एका भोकात गेज घट्ट बसवावे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि काटा चढावयाचा थांबेपर्यंत सेल्फ मारावा; हाच क्रम पुढच्या प्रत्येक सिलिंडरला. बॅटरी उतरलेली असेल तर सगळेच आकडे विनाकारण खाली येतात, म्हणून ती भरलेली असावी. धडधाकट पेट्रोल इंजिनात दर चौरस इंचाला साधारणतः १५० ते १८० पौंड दाब मिळतो, अंतिम प्रमाण अर्थातच त्या गाडीच्या मॅन्युअलचे. डिझेलचा दाब ह्याच्या दुपटीहून अधिक, म्हणून त्याचे गेजही निराळे.

आकड्यांच्या थोरपणाइतकाच त्यांचा परस्परमेळ महत्त्वाचा असतो. चारही सिलिंडर १४० दाखवीत असतील तर इंजिन वयस्क आहे, पण समतोल झिजलेले आहे, आणि नीट सांभाळले तर ते आणखी पुष्कळ चालेल. ह्याउलट १६५, १६०, ११५, १६२ असे आकडे आले, तर तिसऱ्या सिलिंडरची शहानिशा केल्यावाचून पुढे जाऊ नये. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे: काटा १५० च्या आसपास चढला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्वचा, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर संशय गॅस्केटवर घ्यावा. वर्षानुवर्षे सीएनजीवर धावलेल्या गाड्यांत व्हॉल्वच्या सीटा झिजण्याचा संभव अधिक, म्हणून मुंबई-पुण्याच्या ग्राहकाने ह्या चाचणीचा आग्रह विशेष धरावा. केवळ हेड उतरवून भागणारे काम आणि संपूर्ण इंजिन खोलावे लागणारे काम ह्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

जाणत्या मिस्त्रीचा कान खोटा नसतो, हे मी आदरपूर्वक मान्य करतो. परंतु कानाने दिलेली साक्ष दुसऱ्याला पडताळता येत नाही, आणि सहा महिन्यांनी तंटा उपस्थित झाला तर ती कोणापुढे रुजूही करता येत नाही. लिहिलेला आकडा पडताळता येतो. ह्या चाचणीने बेअरिंग किंवा गिअरबॉक्स ह्यांची स्थिती कळत नाही हेही खरे, पण त्यासाठी निराळ्या तपासण्या आहेत. शिवाय ह्या दाखल्याचा लाभ एकट्या ग्राहकाचा नाही. वेळच्या वेळी ऑइल बदलून दोन लाख किलोमीटर गाडी निगुतीने चालविणाऱ्या मालकाला आज केवळ मीटरवरच्या आकड्यामुळे पडत्या भावात ती द्यावी लागते. त्याच्या निगराणीचे प्रमाण त्याच्या हाती दुसरे कोणते आहे?

मालकी बदलताना प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २९ आणि ३० भरून द्यावे लागतात, पीयूसीचा दाखला जोडावा लागतो. इंजिनाच्या अंतर्गत प्रकृतीविषयी मात्र त्या दप्तरात एक अक्षरही नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारी फर्मानाची वाट पाहण्याचे कारण नाही. मिस्त्रीने आपल्या बिलाच्या कागदावर तारीख, मीटरचे किलोमीटर आणि चार सिलिंडरांचे चार आकडे लिहून सही करावी, विकणाऱ्याने तो कागद आपण होऊन पुढे करावा, आणि तो दाखविण्यास जो तयार नसेल त्याला घेणाऱ्याने बयाणा देऊ नये. एवढा शिरस्ता पडला, तर सौद्याला मिस्त्रीच्या एका शब्दाहून अधिक भक्कम आधार मिळेल, आणि प्रामाणिक मालकाला त्याच्या गाडीचे न्याय्य मोल मिळेल.