आधी आधार, मग कोळसा

माझे बाबा चंद्रपूरकडच्या जमिनीखालच्या कोळसा खाणीत कामाला जातात. तिथले छत म्हणजे खडकाचे थर. खालचा कोळसा काढला की ते सैल होतात. म्हणून सब्बलीने ठोकून पाहतात. खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर थर सुटलेला. पूर्वी लाकडी टेकूच असत. आता छताला भोक पाडून, सिमेंट किंवा रेझिन भरून लोखंडी बोल्टही बसवतात. त्याने थर एकमेकांना बांधले जातात. २०१७ च्या नियमावलीतही आधाराचा आराखडा आधी करा, असेच आहे.

मग कोणी ठोकून पाहायला थांबला, तर "काहून थांबला रे?" असे म्हणू नये. तो आळशी नाही, शहाणा आहे. कोळसा काय, उद्याही निघेल. माणूस घरी आला पाहिजे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी