हवापाण्याच्या गप्पा आणि आयर्लंड

हवापाण्याच्या गप्पा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा आपल्याकडे एक समज आहे. कोठे किती पाऊस झाला, कोण वारले, कोणता रस्ता बंद पडला, या मजकुराला आपण ‘किरकोळ’ म्हणतो आणि पुढाऱ्यांच्या भाषणांना ‘महत्त्वाचा’. ही वाटणी मला मान्य नाही. आयरिश वर्तमानपत्रे आणि नभोवाणी यांचा मला काही वर्षांपासून नाद लागला आहे. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, ज्या समाजाला किरकोळ बातमी मनापासून देता येते त्याला मोठा वादही नीट घालता येतो. आणि किरकोळ बातमीतून जे वगळले जातात ते मोठ्या वादातूनही बाहेरच राहतात.

मराठी वाचकाला आयर्लंड तसे परके नाही. ‘होमरूल’ हा शब्दच आपण तिकडून घेतला. लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ मध्ये, आणि डब्लिनमध्ये ईस्टरचे बंड झाले तेही त्याच महिन्यात. भगिनी निवेदितांचा जन्म १८६७ साली त्याच बेटावर, डंगॅनन या गावी झाला. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांनी आयर्लंड वाचले ते बंडाचे आणि पार्लमेंटचे. तेथील रोजची सकाळ कशी असते, हे आपण फारसे पाहिलेले नाही.

ती सकाळ हिवाळ्यात बरीच उशिरा होते. डिसेंबरात डब्लिनला सूर्य साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. अटलांटिक महासागराच्या उबेमुळे थंडी मात्र हाडे गोठवणारी नसते. बर्फ क्वचित; खरा हिवाळा वाऱ्याचा आणि ओलीचा. पूर्वेकडे वर्षाचे सुमारे दीडशे दिवस पाऊस पडतो, पश्चिमेकडे सव्वादोनशे. आपल्या माळव्यात थंडीत निदान दुपारचे ऊन तरी हक्काचे असते. तेथे तेही नाही. झिमझिम पावसाच्या दिवसाला ते लोक ‘सॉफ्ट डे’, म्हणजे मऊ दिवस म्हणतात. नभोवाणीवर समुद्राच्या हवामानाचे वृत्त सांगताना किनाऱ्यावरच्या भूशिरांची नावे क्रमाने घेतात: मालिन हेड, हाउथ हेड, कार्नसोर पॉइंट, मिझन हेड, व्हॅलेंशिया. ज्याची होडी नाही असा माणूसही ती ऐकतो. मला ती आपल्या प्रातःस्मरणातल्या नद्यांच्या नावांसारखी वाटतात. रोज ऐकून ऐकून देशाचा नकाशाच पाठ होतो.

हवामानाची ही आठवण एकदा सरकारदरबारीही उपयोगी पडली. १८३९ सालच्या ६ जानेवारीच्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आले. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ या नावानेच ते ओळखले जाते. पुढे १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले. पण त्या बेटावर सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली होती १८६४ साली. म्हाताऱ्यांनी दाखले आणावेत कोठून? तेव्हा ‘मोठ्या वाऱ्याची रात्र मला आठवते’ हाच अनेकांचा वयाचा पुरावा ठरला. आपल्याकडेही ‘मानमोडीच्या साली जन्मलो’ असे सांगणारे वृद्ध होतेच. ज्यांच्याजवळ कागद नसतो, त्यांच्याजवळ सर्वांनी मिळून भोगलेली आपत्ती असते.

अलीकडचा दाखला २४ जानेवारी २०२५ चा. एओविन नावाच्या वादळात पश्चिम किनाऱ्यावरील मेस हेड येथे वाऱ्याचा झोत ताशी १८३ किलोमीटर नोंदला गेला. आयर्लंडमध्ये मोजमाप सुरू झाल्यापासून इतका वेग कधीच नोंदला गेला नव्हता. ७ लाख ६८ हजार घरे व दुकाने अंधारात गेली. पश्चिमेकडील काही घरांना वीज परत मिळण्यास दोन आठवडे लागले, आणि जेथे पंपावर पाणी चढते तेथे नळही कोरडे पडले. त्यानंतर जो वाद झाला तो पाहण्यासारखा होता. विजेच्या तारांजवळ झाडे लावू द्यावीत काय, जंगलमालकाची जबाबदारी किती, खेड्यातील एकट्या वृद्धाची चौकशी कोणी करायची, असे प्रश्न निघाले. शेतकरी बोलले, वीजमंडळाचे अधिकारी बोलले, मंत्र्यांनाही उत्तरे द्यावी लागली. हवापाण्याच्या गप्पांतून राज्यकारभाराचा प्रश्न निघाला, आणि मला वाटते तो असाच निघावा.

दुसरी किरकोळ बातमी मृत्यूची. आयर्लंडमधील अनेक स्थानिक नभोवाणी केंद्रे रोज निधनवार्ता वाचून दाखवतात: नाव, वाडी, शव घरी केव्हा ठेवणार, प्रार्थना कोणत्या चर्चमध्ये. अंत्यविधी दोन-तीन दिवसांत होतो आणि फारशी ओळख नसलेले लोकही रांगेत उभे राहून घरच्यांचा हात हातात घेतात. २००५ पासून या वार्ता एका संकेतस्थळावर येऊ लागल्या. त्या इतक्या पूर्ण असत की, करोनाच्या काळात किती माणसे अधिक गेली याचा अंदाज घेण्यासाठी सरकारी सांख्यिकी कार्यालयाने त्यांचाच आधार घेतला. २०२४ साली ‘आयरिश टाइम्स’ समूहाने हे संकेतस्थळ घेतले आणि जानेवारी २०२५ पासून एका वार्तेला १०० युरो आकार लावला, तेव्हा देशभर कुरकुर झाली. कोणी गेल्याचे शेजाऱ्याला कळवण्याचे पैसे पडावेत, ही कल्पनाच लोकांना रुचली नाही.

अशा देशात मोठे वाद कसे होतात तेही पाहा. गर्भपातबंदीची घटनेतील तरतूद ठेवावी की काढावी, हा प्रश्न तेथे घराघरांत दुही माजवणारा होता. तो सोडवण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ९९ सामान्य नागरिक निवडले गेले आणि एका न्यायाधीश बाई अध्यक्ष झाल्या. २०१६-१७ च्या हिवाळ्यात डब्लिनजवळच्या मॅलहाइड येथील एका हॉटेलात ही मंडळी शनिवार-रविवारी जमत. त्यांनी डॉक्टरांचे, कायदेपंडितांचे, दोन्ही बाजूंच्या संस्थांचे ऐकले आणि बदलाची शिफारस केली. २५ मे २०१८ रोजी देशाने ६६.४ टक्के मतांनी कौल दिला. निकाल कोणाला रुचो न रुचो, अपरिचित माणसांनी टेबलाभोवती बसून एकमेकांचे ऐकून घेतले, हे मला मोलाचे वाटते. ज्यांना पावसावर आणि मर्तिकावर अनोळखी माणसाशी बोलण्याची सवय आहे, त्यांना हे थोडे सोपे गेले असावे.

परंतु येथेच थांबलो तर मी वाचकांना अर्धेच चित्र दाखवल्यासारखे होईल. गॉलवे परगण्यात ट्यूम नावाचे गाव आहे. तेथे १९२५ ते १९६१ पर्यंत अविवाहित माता व त्यांची मुले यांच्यासाठी जोगिणींनी चालवलेला एक आश्रम होता. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी तेथे वारलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूचे दाखले मिळवले. त्यांना कोठे पुरले याची नोंद मात्र सापडेना. २०१२ साली त्यांनी गावच्या इतिहासमंडळाच्या अंकात लेख लिहिला. २०१४ साली त्याचा जगभर गवगवा झाला. २०१७ साली चौकशी आयोगाने जमिनीखालच्या कोठड्यांत अर्भकांचे अवशेष असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी अशा आश्रमांतील माता व मुलांची सरकारतर्फे क्षमा मागितली, आणि २०२५ च्या जुलैत ट्यूमला उत्खनन सुरू झाले.

ज्या समाजात शेजाऱ्याच्या मर्तिकाला न जाणे हा अपराध, त्याच समाजात ७९६ मुले गेली आणि कोणी कोणाला भेटायला गेले नाही. पाऊस रोज सांगितला जात होता, मृत्यूही सांगितले जात होते; पण त्या यादीत कोण यायचे हे आधीच ठरलेले होते. ती यादी पुरी केली कोणी? एका बाईने, जन्ममृत्यूच्या कचेरीतून एकेक दाखला मागवून. माझ्या मते आयर्लंडमधील अलीकडच्या काळातील ती सर्वांत मोठी बातमी आहे, आणि ती किरकोळ निधनवार्तांनीच बनलेली आहे.

कोणी म्हणेल, आयर्लंडचे प्रजासत्ताक ते केवढे! २०२२ च्या शिरगणतीत ५१ लाख माणसे. त्यांना हे जमते. मग आपले काय? पिढ्यान्‌पिढ्या या इंदुरात राहिलेला आपला मराठी समाज त्याहून कितीतरी लहान आहे. आपल्याला तर अधिक सहज जमावे.

आपल्या निधनवार्ता एकदा या दृष्टीने वाचून पाहाव्यात. आयरिश वार्तेत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव आवर्जून देतात. आपल्याकडे सासरचे नाव, पतीचा हुद्दा आणि मुलांच्या नोकऱ्या येतात. जुन्या घरांत लग्नात नावही बदलत असे. माहेरची कुसुम सासरी मालती झाली. ती गेल्याची वार्ता तिची बालमैत्रीण वाचते आणि ओळख न पटून पान उलटते. आणि जिने चार घरी चाळीस वर्षे पोळ्या केल्या, त्या बाई गेल्या तर त्या चार घरांपैकी एकालाही वर्तमानपत्राकडे दोन ओळी पाठवाव्याशा वाटत नाहीत.

खर्चही फार नाही आणि कायदाही आड येत नाही. माहेरचे नाव द्यावे, तिने आयुष्यात काय केले ते एका वाक्यात सांगावे, आणि आपल्या घरात राबलेल्या माणसाची वार्ता आपण होऊन पाठवावी. संपादकांनीही ती ‘किरकोळ’ म्हणून बाजूला सारू नये.