सूनबाई, हा काढा कशावरचा?

दिवाळी अंक हाती पडला की आमच्या भगिनी आधी फराळाची पाने उघडतात, हे मला ठाऊक आहे. पण चकली हसली की रुसली याची चर्चा या सदरात आपण पुष्कळ केली. आज फराळाच्या ताटाबद्दल नव्हे, ताटाशेजारच्या कपाबद्दल लिहायचे आहे. लाडू नको म्हणणारा माणूस चालतो. पण चहाही नको, कॉफीही नको, असे म्हणून सर्वांच्या गप्पांत जो रिकाम्या हाताने बसतो, त्याच्याकडे पाहून घरच्या बाईला अन्न गोड लागत नाही.

आमच्या घरी हे मामंजींच्या वाट्याला आले. मधुमेहामुळे साखर बंद. बिनसाखरेचा चहा त्यांना नकोसा, आणि चारनंतर कॉफी घेतली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. “मला काही नको,” एवढे बोलून ते वर्तमानपत्राची घडी उलगडीत बसायचे. त्यांच्यासाठी काही तरी शोधावे म्हणून मी कोकोच्या बियांकडे वळले. भाजून, भरड करून, पाण्यात उकळून, गाळून घेतलेल्या बियांकडे.

कोको म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डबा येतो. त्यातली भुकटी, दूध आणि दोन चमचे साखर. पण डब्यातली भुकटी म्हणजे सबंध बी नव्हे. कोकोच्या सोललेल्या बीत जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो. 1828 साली ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांनी दाबयंत्राने तो पिळून काढण्याची युक्ती काढली. तेल काढल्यावर पेंड उरावी, तशी जी वडी उरली तिची भुकटी आपल्या डब्यात आली. खायची चॉकलेटची वडी तर त्याहूनही धाकटी. इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी ती 1847 साली केली. त्याआधी तीन हजारांहून अधिक वर्षे माणसे कोको पीतच होती.

मेक्सिकोकडचे लोक भाजलेल्या बिया दगडी पाट्यावर वाटीत, पाण्यात कालवीत, त्यात कधी मिरची तर कधी मका घालीत. फेस यावा म्हणून एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार धरीत, अगदी मद्रासी कॉफीवाल्यासारखी! पुढे फेसासाठी तिकडे लाकडी घुसळणी आली. ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवतात. आपली ताकाची लहान रवीच म्हणा ना! साखर या पेयात मागाहून पडली, स्पॅनिश लोकांच्या हातून. ते लोक वाटलेली बी सगळीच्या सगळी पीत. गाळून प्यायची आपली आजची तऱ्हा मात्र कॉफीच्या वळणाची आहे.

आता कृती. बिया आंबवून वाळवलेल्या आहेत ना, हे विचारूनच घ्या. फळ फोडल्यावर पांढऱ्या गरासकट बिया पाच-सात दिवस आंबवतात. त्यावाचून भाजताना चॉकलेटचा वास येत नाही. परदेशी माल हवाच असे नाही. आपल्या आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो.

बिडाच्या कढईत शेंगदाण्यांसारख्या मंद आचेवर वीसेक मिनिटे भाजा. हात थांबू देऊ नका. बिया तडतडू लागल्या आणि घरभर वास सुटला की उतरवा. भाजण्याचा कंटाळा करू नये; बिया शेतावर आंबलेल्या नि उन्हात पडलेल्या असतात, त्यांना चांगली आच लागलीच पाहिजे. गार झाल्यावर चुरडून सुपात पाखडा. टरफले उडून जातील. शंभर ग्रॅमचे ऐंशीच्या आत-बाहेर उरतात. मग मिक्सरमधून थांबत थांबत जाडसर रव्यासारखी भरड काढा. यंत्र एकसारखे फिरवाल तर उष्णतेने स्निग्धांश सुटतो आणि भरडीचा चिखल होतो.

कपभर पाण्याला पोह्याचे दोन चमचे भरड, दालचिनीचा लहानसा तुकडा. चार-पाच मिनिटे उकळा, तितकाच वेळ झाकून ठेवा, मग मलमलच्या फडक्यातून गाळा. वर थोडा तवंग दिसेल, तो बीचाच. गार हवे असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात आठ चमचे भरड रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी गाळा. कोकोचा स्निग्धांश अंगाच्या उष्णतेइतक्या आचेवर वितळतो, म्हणून थंड पाण्यात तो फारसा उतरत नाही. पेय हलके आणि स्वच्छ लागते.

पहिल्या दिवशी मामंजींनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारले, “सूनबाई, हा काढा कशावरचा?” त्यांचे चुकले नाही. वास चॉकलेटचा आणि चव कोऱ्या चहासारखी तुरट-कडवट, तेव्हा जीभ फसल्यासारखी होते. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी दोन चमचे दूध घालायला सांगितले, आणि आठवड्याने “माझा कप कुठे आहे?” म्हणून हाक आली. ‘माझा’ हा शब्द ऐकून मला बरे वाटले.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. हे औषध नव्हे. कोकोत थिओब्रोमिन हे कॅफीनचे भावंड असते आणि थोडे कॅफीनही असते. तेव्हा हृदयविकाराच्या किंवा झोप नसलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारावे, आणि कप संध्याकाळच्या आतच द्यावा. दुसरे, घरात कुत्रा असेल तर टरफले, भरड किंवा चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. थिओब्रोमिन कुत्र्याला विषच आहे. चोथा एरवी वाया जात नाही. त्यात उरलेला स्निग्धांश आणि वास शिऱ्यात छान मिसळतो.

यंदा ज्यांच्या घरी पथ्याचे माणूस आहे, त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. आवडेलच असे मी म्हणत नाही. पण पथ्याच्या माणसाला नुसते ‘हे नको, ते नको’ ऐकवून आपले काम संपत नाही. त्याला ‘हे घ्या’ म्हणण्याजोगे काही घरात असावे लागते. भरड हवाबंद बरणीत ठेवलीत तर आल्यागेल्यालाही विचारता येईल : चहा, कॉफी, की कोको?