गप्पांतले शहाणपण

कार्यालयात चार माणसे एकत्र बोलताना दिसली, की वेळ वाया जात आहे, असा समज सर्वसाधारणपणे करून घेतला जातो. कामाचे ज्ञान परिपत्रकांत असते आणि गप्पा हा केवळ विरंगुळा, ही त्यामागील धारणा. वस्तुतः काम नेमके कोठे अडले आहे व ते कसे सोडवावे, याचे बरेचसे ज्ञान गप्पांतूनच एकाकडून दुसऱ्याकडे जात असते.

या संदर्भात झेरॉक्स कंपनीचा अनुभव उद्बोधक आहे. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेत या कंपनीच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. त्यावरील ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. पुस्तिकेत न सापडणारा बिघाड समोर आला, की हे तंत्रज्ञ जेवताना एकमेकांना जुने किस्से सांगत आणि त्यांतूनच बिघाडाचा माग लागे. पुढे कंपनीने अशा युक्त्यांचा ‘युरेका’ नावाचा संग्रह संगणकावर उभा केला. त्यात दोन पथ्ये होती : प्रत्येक युक्ती जाणकारांकडून तपासून घेतली जाई आणि सुचविणाऱ्याचे नाव तिच्यासोबत राही.

आपल्या शाखांतही हेच घडते. नोव्हेंबर महिना आला, की निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी रीघ लागते. २०१४ पासून ‘जीवनप्रमाण’मुळे हा दाखला अंगठ्याच्या ठशावर मिळू लागला, परंतु वयोमानाने बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्र ठसा स्वीकारत नाही. दाखला नसेल, तर निवृत्तिवेतन थांबते. अशा वेळी अनुभवी सहकारी सहज सांगून जातो : यंत्राची काच पुसा, अंगठ्याऐवजी दुसरे बोट ठेवून पाहा, तरीही जमले नाही, तर २०२१ पासून चेहरा ओळखण्याची सोय आहे, तीही साधली नाही, तर कागदी दाखला भरून घ्या. शेजारच्या बाकावरील आजोबा हे ऐकतात आणि पुढच्या वर्षी तेच दुसऱ्याला सांगतात. कित्येकांचे निवृत्तिवेतन अशा बोलण्याने सुरळीत राहिले असेल!

अर्थात, गप्पांना दुसरी बाजूही आहे. एटीएममध्ये पिन उलटा टाकला, की पोलिसांना आपोआप खबर जाते, ही वदंता सुशिक्षितांनीही एकमेकांना ऐकविली आहे. आपल्या देशात अशी कोणतीही व्यवस्था नाही. संकटसमयी तिच्यावर विसंबणाऱ्याचे काय होईल, याचा विचार केलेला बरा. म्हणूनच ‘युरेका’चे पहिले पथ्य महत्त्वाचे : ऐकलेली युक्ती आधी तपासावी, मगच पुढे सांगावी.

आज मात्र याहून गंभीर प्रश्न उभा आहे. व्यवहार मोबाइलवर आल्याने शाखेतील बाक रिकामा होत चालला आहे. ही सोय स्वागतार्ह आहे. तथापि पैसे अडकले, की ग्राहक घरी एकटा असतो. विचारायला शेजारी कोणी नसल्याने तो इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो आणि नेमका तेथेच खोटा क्रमांक टाकून भामटा टपलेला असतो. गप्पांची जागा रिकामी राहिली, की ती असा माणूस भरून काढतो.

यासाठी दोन गोष्टी सहज करता येतील. प्रत्येक शाखेने अडचणींची एक वही ठेवावी. सुटलेली अडचण, तिचा उपाय व तो सुचविणाऱ्या सहकाऱ्याचे नाव तीत लिहावे आणि आठवड्यातून दहा मिनिटे त्यावर सर्वांनी बोलावे. मात्र ग्राहकाचे नाव वा खाते क्रमांक या वहीत वा बोलण्यात येता कामा नये. गोपनीयता हा आपल्या व्यवसायाचा पाया आहे.

ग्राहकांनीही आपली अडचण सांगताना संकोच करू नये. उपाय अवश्य विचारावा. पिन आणि ओटीपी मात्र कोणालाही, अगदी बँकेच्या कर्मचाऱ्यालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

यंत्रे बदलतील, पद्धतीही बदलतील. ‘असे झाले तर काय करायचे हो?’ हा प्रश्न विश्वासाने विचारता येईल असे माणूस मात्र आपल्या प्रत्येक शाखेत असलेच पाहिजे.